मेम्स व्हेरॅक्टरचे सिम्युलेशन ठरावीक व्होल्टेजला अडते: काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची घाई सुरू झाली की मेम्स व्हेरॅक्टरची मॉडेले दुरुस्तीला यायला लागतात. मेम्स म्हणजे चिपवर घडवलेली सूक्ष्म हलती यंत्रणा, आणि व्हेरॅक्टर म्हणजे इथे व्होल्टेज दिल्यावर प्लेट खाली ओढली जाऊन किंमत बदलणारा, केसाच्या जाडीहून लहान हालचालीचा कॅपॅसिटर. सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरपैकी कुणाकडे कॉमसॉल असते, कुणाकडे अ‍ॅन्सिस, कुणी फुकटातले एल्मर वापरतो. दुखणे मात्र तेच.

लक्षणे

- स्वीपच्या, म्हणजे व्होल्टेज पायरीपायरीने वाढवत नेण्याच्या, पहिल्या पायऱ्या भराभर सुटतात, मग एका व्होल्टेजला सॉल्व्हर (समीकरणे सोडवणारा भाग) फेऱ्या मारत बसतो. पायरी बारीक केली की जरा पुढे सरकतो आणि परत अडतो.
- गॅपमधला (प्लेटखालच्या फटीतला) मेश, म्हणजे हिशेबासाठी पाडलेल्या छोट्या तुकड्यांचे (एलिमेंटचे) जाळे, उलटा झाल्याचा एरर येतो.
- २० व्होल्ट दिले तरी प्लेट जागची हलत नाही, किंवा पहिल्याच व्होल्टला कोसळते.
- उत्तर येते, पण मेश बदलला की तेही बदलते.
- सगळे सुरळीत सुटते, फक्त चिपवर मोजलेला आकडा जुळत नाही.

पहिली दोन लक्षणे दिसली की सगळे जण थेट सॉल्व्हरच्या सेटिंगमध्ये हात घालतात. टॉलरन्स सैल करा, फेऱ्या वाढवा, डॅम्पिंग घाला. हे सगळ्यात शेवटी. कारण समांतर प्लेटच्या कॅपॅसिटरला मुळातच एक व्होल्टेज असे असते की त्याच्या वर प्लेटला स्थिर जागाच उरत नाही. विजेची ओढ गॅपच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते, प्लेटला धरणाऱ्या बीमचा (पट्ट्यांचा) प्रतिकार सरळ रेषेत वाढतो. गॅपचा एक तृतीयांश भाग ओलांडला की ओढ जिंकते आणि प्लेट खाली आपटते. हेच पुल-इन. त्याच्या वरच्या व्होल्टेजला स्थिर उत्तर द्या म्हणून सॉल्व्हरला कितीही दामटले तरी तो देणार नाही; नसलेले उत्तर आणायचे कुठून? म्हणून आधी ठरवायचे ते एवढेच: अडले ते पुल-इनला की त्याच्या आधीच?

पहिली तपासणी: कागद आणि कॅल्क्युलेटर

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटे. निम्मी मॉडेले इथेच सुटतात.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण धरू. २०० बाय २०० मायक्रॉनची पॉलिसिलिकॉनची प्लेट, जाडी २ मायक्रॉन, गॅप २ मायक्रॉन. समोरासमोरच्या दोन बाजूंना प्रत्येकी दोन सरळ बीम, प्रत्येक १०० मायक्रॉन लांब, १० रुंद, २ जाड. पॉलीमम्प्स या चिप बनवण्याच्या प्रक्रियेतल्या पॉली-१ या पॉलिसिलिकॉन थराची जाडी आणि त्याखालच्या ऑक्साइडची जाडी नेमकी हीच असल्याने आकडे हवेतले नाहीत.

चार बीमची मिळून स्टिफनेस (ताठपणा): ४ गुणिले यंग मॉड्युलस गुणिले रुंदी गुणिले जाडीचा घन, भागिले लांबीचा घन. मॉड्युलस १६० गिगापास्कल धरला तर ५१.२ न्यूटन प्रति मीटर. पुल-इन व्होल्टेजसाठी स्टिफनेसला ८ ने आणि गॅपच्या घनाने गुणा, मग परमिटिव्हिटी (८.८५४ पिकोफॅरड प्रति मीटर), प्लेटचे क्षेत्रफळ आणि २७ यांच्या गुणाकाराने भागा, आणि वर्गमूळ घ्या. येतात १८.५ व्होल्ट. सुरुवातीची कपॅसिटन्स ०.१७७ पिकोफॅरड, पुल-इनच्या काठावर तिच्या दीडपट, म्हणजे ०.२६६.

मॉडेल १८ ते १९ व्होल्टच्या दरम्यान अडत असेल तर बिघाड काही नाही. तो निकाल आहे, रिपोर्टमध्ये लिहा. ६ व्होल्टला अडत असेल तर खाली वाचा. मॉडेलची कपॅसिटन्स कागदापेक्षा पाचेक टक्के जास्त येईल. ती कडेच्या फ्रिंजिंगमुळे, म्हणजे कडेबाहेर वळणाऱ्या विद्युत क्षेत्रामुळे; त्यावर रात्र घालवू नका.

दुसरी: एकके

प्लेट हलत नसेल तर नव्वद टक्के वेळा ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आत आलेले असते. कॅड फाइल आयात करताना मायक्रॉनच्या जागी मिलिमीटर धरले गेले की सगळी मापे हजारपट होतात, आणि पुल-इन व्होल्टेजही बरोबर हजारपट होते: १८.५ चे १८,५००. कपॅसिटन्सही हजारपट, म्हणजे ०.१७७ नॅनोफॅरड. कपॅसिटन्स नॅनोफॅरडमध्ये दिसली की समजा, चूक इथेच आहे.

अ‍ॅन्सिसमध्ये मायक्रॉनवर बेतलेली एककपद्धत वापरणाऱ्यांनी तीन आकडे भिंतीवर लावून ठेवावेत. मॉड्युलस १,६०,००० (मेगापास्कल), परमिटिव्हिटी ०.०००००८८५४ (पिकोफॅरड प्रति मायक्रॉन), आणि बल येते ते मायक्रोन्यूटनमध्ये. यातला एक जरी एसआय पद्धतीचा राहिला तर उत्तर दिसायला सुंदर आणि पूर्ण चुकीचे येते.

तिसरी: सिमेट्री आणि टेकू

मशीनवर ताण नको म्हणून पाव मॉडेल घेणे योग्यच. मग कपॅसिटन्स चारने गुणायची, हे बहुतेकांच्या लक्षात राहते. पण कापलेल्या बाजूंना सिमेट्रीची अट लावायची राहून जाते. ती नसली की प्लेट एकाच बीमवर लोंबकळते, स्टिफनेस कोसळते आणि दोन-तीन व्होल्टलाच पुल-इन दिसते. अँकरचा, म्हणजे बीमला चिपशी जोडणाऱ्या खांबाचा, फक्त तळ पक्का धरा. बीमचे टोक हवेतच फिक्स केले तर अँकरची लवचिकता हिशेबातून जाते आणि व्होल्टेज थोडे जास्त येते.

पाव मॉडेलला प्लेट तिरकी होण्याचा प्रकार दिसतच नाही, हेही ध्यानात असू द्या. म्हणून एकदा तरी पूर्ण मॉडेलचे मोड (नैसर्गिक कंपनाचे प्रकार) काढून बघा. आपल्या उदाहरणात वर-खाली होणारा मोड सुमारे ८३ किलोहर्ट्झला येतो. तिरका मोड त्याच्या फार जवळ असेल तर पाव मॉडेलवर विसंबू नका.

चौथी: व्होल्टेजच्या पायऱ्या

सारख्या पायऱ्या घेणे ही सवय मोडायला हवी. का, ते आकड्यांवरून दिसेल. ० ते १० व्होल्टपर्यंत प्लेट सरकते फक्त ०.०९५ मायक्रॉन. १८ व्होल्टला ती ०.४९ वर असते. आणि १८ ते १८.५ या शेवटच्या अर्ध्या व्होल्टात ०.६७ पर्यंत जाते. म्हणजे शेवटच्या अर्ध्या व्होल्टातली हालचाल पहिल्या दहा व्होल्टांच्या जवळपास दुप्पट. सुरुवातीला २ व्होल्टची पायरी चालते. १५ नंतर अर्धा, १८ नंतर ०.०५.

प्रत्येक पायरीची सुरुवात आधीच्या उत्तरापासून होते आहे ना, तेही बघा. कित्येक मॉडेलांत प्रत्येक व्होल्टेज सपाट प्लेटपासून नव्याने सुटत असते. आणि प्रत्येक पायरी डिस्कवर सेव्ह करा. पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा भरवसा नसतो, आणि लॅबचा यूपीएस रात्रभराच्या स्वीपसाठी घेतलेला नसतो.

पाचवी: गॅपमधला मेश

मेश उलटा झाल्याचा एरर असेल तर इथे थांबून नीट काम करा.

मूळ गोष्ट अशी की गॅप २ मायक्रॉन आणि प्लेट २०० मायक्रॉन. सॉफ्टवेअरला आपोआप मेश करू दिला तर ते चौफलक एलिमेंट भरते. गॅपमध्ये चार थर हवेत म्हणून अर्ध्या मायक्रॉनचे एलिमेंट मागितले, तर प्लेटखाली ४०० बाय ४०० बाय ४ खोकी होतात, प्रत्येक खोक्याचे पाच-सहा चौफलक. आकडा तीस लाखांच्या पुढे जातो. ८ जीबी रॅमचे मशीन तिथेच मान टाकते. म्हणून लोक एलिमेंट मोठे करतात, गॅपमध्ये एकच थर उरतो, आणि प्लेट थोडी खाली आली की तोच चिरडतो.

उपाय स्वस्त आहे. प्लेटच्या वरच्या पृष्ठभागावर चौकोनी मेश काढा, १० मायक्रॉनचा, आणि तो थराथराने खालपर्यंत ओढत न्या (यालाही स्वीपच म्हणतात): प्लेटमध्ये दोन थर, गॅपमध्ये चार. प्लेटखालच्या गॅपमध्ये २० बाय २० बाय ४, म्हणजे १,६०० विटा. आडव्या दिशेला क्षेत्र फारसे बदलत नाही, त्यामुळे चपट्या विटा इथे चालतात. त्या उभ्या दिशेला सरळ दबतात, तिरक्या होत नाहीत, म्हणून उलटायलाही वेळ लागतो. कडेला मात्र शेवटचे १० मायक्रॉन बारीक करा. फ्रिंजिंग तिथेच असते.

बीमला दुसऱ्या क्रमाचे एलिमेंट द्या, जाडीत किमान दोन. पहिल्या क्रमाचे चौफलक वाकताना खोटा कडकपणा दाखवतात; पुल-इन १८.५ च्या जागी पंचवीस-तीस व्होल्ट आले तर आधी हेच तपासा. मेश बदलला की उत्तर बदलते, त्या लक्षणाचे मूळही बहुधा इथेच असते.

एच (etch) होल, म्हणजे प्लेटखालचा ऑक्साइड धुऊन निघावा म्हणून पाडलेली छिद्रे, पहिल्या मॉडेलमधून काढून टाका. पॉलीमम्प्समध्ये ती साधारण ३० मायक्रॉनच्या अंतराने लागतात आणि मेशची वाट लावतात. छिद्रे लहान असली तर फ्रिंजिंगमुळे कपॅसिटन्स फारशी घटत नाही. डॅम्पिंग काढायचे असेल तेव्हा मात्र ती परत हवीत. तेव्हा हवेचा दाबही तपासा: सॉफ्टवेअर १०१.३ किलोपास्कल धरते, बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, इथे तो ९२-९३ च्या आसपास.

सहावी: जोडणी एकत्र की आळीपाळीने

आता सॉल्व्हर. दोन पद्धती आहेत. एकीत वीज सोडवायची, बल काढायचे, प्लेट हलवायची, परत वीज सोडवायची, असे आळीपाळीने. दुसरीत दोन्ही समीकरणे एकाच मॅट्रिक्समध्ये.

आळीपाळीची पद्धत रॅम कमी खाते, म्हणून कित्येकदा तीच आपोआप निवडली जाते. तिचा वेग एकाच गुणोत्तरावर ठरतो: विजेच्या ओढीची स्टिफनेस भागिले बीमची स्टिफनेस. आपल्या उदाहरणात १० व्होल्टला हे गुणोत्तर ०.१ आहे, म्हणजे दर फेरीत चूक दहा पटीने घटते. दशलक्षांशावर यायला ६ फेऱ्या. १८ व्होल्टला ते ०.६६ होते आणि त्याच कामाला ३३ फेऱ्या लागतात. पुल-इनला ते बरोबर १ होते, म्हणजे चूक घटतच नाही. फेऱ्यांची मर्यादा २५ वर ठेवली असेल तर मॉडेल १८ च्या अलीकडेच हात वर करणार. अशा वेळी मर्यादा १०० करणे रास्त आहे. टॉलरन्स सैल करणे रास्त नाही: चूक सावकाश घटत असते तेव्हा दोन फेऱ्यांतला फरक लहान दिसतो, आणि सॉल्व्हर खऱ्या उत्तरापासून लांब असतानाच ‘झाले’ म्हणतो.

पाव मॉडेल आणि स्वीप केलेला मेश असेल तर एकत्रित पद्धत ८ जीबीतही बसते. तीच घ्या. मोठ्या विस्थापनाचा पर्याय, म्हणजे भूमितीय नॉन-लिनिअरिटी, चालू आहे याची खात्री करा. तो बंद असला तर काही ठिकाणी बल जुन्याच गॅपवरून काढले जाते आणि पुल-इन कधी येतच नाही.

सातवी: व्होल्टेजऐवजी विस्थापन द्या

पुल-इनच्या अगदी जवळ एकत्रित पद्धतही अडते, कारण तिथे मॅट्रिक्सच सिंग्युलर होते. त्यावर जुना आणि खात्रीचा उपाय आहे: प्लेटच्या मध्यबिंदूचे विस्थापन आपण ठरवायचे आणि त्यासाठी लागणारे व्होल्टेज सॉल्व्हरकडून काढून घ्यायचे. कॉमसॉलमध्ये एक ग्लोबल समीकरण घालून हे होते: ‘मध्यबिंदूचे विस्थापन वजा ठरवलेले विस्थापन बरोबर शून्य’, अज्ञात राशी व्होल्टेज.

यात एक खड्डा हमखास लागतो. व्होल्टेजची सुरुवातीची किंमत ० ठेवली की पहिल्याच फेरीत सिंग्युलर मॅट्रिक्सचा एरर येतो. बल व्होल्टेजच्या वर्गावर चालते, त्यामुळे शून्यापाशी त्याचा उतार शून्य असतो आणि सॉल्व्हरला कुठल्या दिशेने जावे हेच कळत नाही. सुरुवात १ व्होल्टने करा.

बरोबर चालले तर आकडे साधारण असे दिसतील: ०.१ मायक्रॉनला १०.२ व्होल्ट, ०.३ ला १५.८, ०.५ ला १८.०, ०.६७ ला १८.५. आणि मग व्होल्टेज खाली उतरायला लागते: ०.८ ला १८.२५, १.० ला १७.०. तो माथा म्हणजे तुमचे पुल-इन. उतरता भाग प्रत्यक्ष सर्किटमध्ये सरळ व्होल्टेज सोर्सवर मिळत नाही. व्हायव्हाला हा प्रश्न येतोच.

आठवी: मॉडेल सुटते, पण चिपशी जुळत नाही

पहिला संशय बीममधल्या उरलेल्या ताणावर. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतलेला भाग थंड होताना आतल्या आत ताण धरतो, तसाच पातळ थरही धरतो. पॉलिसिलिकॉनमध्ये तो बहुधा दाबाचा असतो. आपल्या बीममध्ये १० मेगापास्कल दाब असेल तर स्टिफनेस ५१.२ वरून ४१.६ वर येते आणि पुल-इन १८.५ वरून १६.७ वर. पन्नासच्या थोडे वर गेले की बीम बकलच होतात. सरळ बीममध्ये प्लेटचे स्वतःचे प्रसरणही बीमवर येते, म्हणून बीममधला ताण थराच्या मोजलेल्या ताणापेक्षा जास्त असू शकतो. ताण आधी वेगळ्या पायरीत द्या, मॉडेल स्थिरावू द्या, मगच व्होल्टेज स्वीप. बीम दुमडते घेतले तर ही डोकेदुखी बरीच कमी होते.

दुसरा संशय पॅडवर. १०० बाय १०० मायक्रॉनचा प्रोब पॅड ०.६ मायक्रॉन नायट्राइडवर बसला असेल तर त्याची एकट्याची कपॅसिटन्स सुमारे १.१ पिकोफॅरड, म्हणजे तुमच्या व्हेरॅक्टरच्या सहापट. तो समांतर आला की ५० टक्क्यांचे ट्यूनिंग मोजताना ७ टक्के दिसते. मॉडेल बरोबर असते. पॅड वजा करायचा राहिलेला असतो. त्यासाठी चिपवर प्लेटविना नुसते पॅड असलेली एक रचना हवी.

आरएफच्या बाजूने विचाराल तर १ गिगाहर्ट्झची लहर आणि प्लेटची हालचाल एकाच टाइम-डोमेन मॉडेलमध्ये कोंबू नका. प्लेटच्या एका आवर्तनात, म्हणजे १२ मायक्रोसेकंदांत, आरएफची १२,००० आवर्तने होतात. प्लेटला जाणवते ते फक्त आरएमएस: डीसीचा वर्ग अधिक आरएमएसचा वर्ग, त्याचे वर्गमूळ, हेच परिणामी व्होल्टेज. प्लेटचा आकार काढा, तो गोठवा, मग त्या आकारावर फ्रीक्वेन्सी-डोमेन सोडवा.

क्यू फॅक्टर (रिअ‍ॅक्टन्स भागिले रोध) अवास्तव मोठा आला तर बीमचा रोध विसरला आहात. पॉली-१ चा रोध १० ओहम प्रति चौरस धरा; बीम म्हणजे १० चौरस, १०० ओहम; चार समांतर, २५ ओहम. १ गिगाहर्ट्झला कॅपॅसिटरची रिअ‍ॅक्टन्स सुमारे ९०० ओहम. म्हणजे क्यू ३६ च्या वर जाणे शक्यच नाही. सोन्याचा थर लावला असेल तर तो अर्धा मायक्रॉनच असतो, आणि १ गिगाहर्ट्झला सोन्याची स्किन डेप्थ, म्हणजे प्रवाह धातूत जितका खोल शिरतो ती खोली, २.५ मायक्रॉन. जाड धातूसाठी असलेली पृष्ठभाग-इम्पिडन्सची अट तिथे लावली की तोटा कमी दिसतो. थराची खरी जाडी द्या.

कुठे थांबायचे

पुल-इनच्या ९० टक्के व्होल्टेजपर्यंत कागद आणि मॉडेल १० टक्क्यांच्या आत जुळत असतील तर मॉडेल घासत बसू नका.

आपटल्यानंतरचे वर्तन हवे असेल, म्हणजे प्लेटचा स्पर्श, परत सुटण्याचे व्होल्टेज, डायलेक्ट्रिकमध्ये साठणारा चार्ज, तर ते फायनल इयरच्या वेळेत बसत नाही. कॉन्टॅक्टचे मॉडेल जाणणाऱ्याला किंवा सॉफ्टवेअरच्या सपोर्टला गाठा. लायसन्स सर्व्हर आणि रॅमच्या तक्रारी लॅब इनचार्जकडे. स्वतः सर्व्हरला हात लावू नका.

मोजमाप आणि मॉडेल ताण व पॅड धरूनही २० टक्क्यांहून जास्त फटकून असतील तर ताणाचा आकडा अंदाजाने बदलत जुळवणे म्हणजे फसवणूक. तिथे प्लेटचा खरा आकार आणि रेझोनन्स मोजावा लागतो, व्हाइट लाइट इंटरफेरोमीटर आणि लेझर डॉप्लर व्हायब्रोमीटरवर. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सेन्स या नॅनो विज्ञान केंद्रात अशा मोजणीची सोय आहे, आणि बाहेरच्या कॉलेजांसाठी आयएनयूपी (इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम) या योजनेखाली अर्ज करता येतो. अर्ज गाईड सरांमार्फत करा. सोबत स्वीपची लॉग फाइल, कागदावरचा हिशेब, मेशचे चित्र आणि थरांच्या जाड्या जोडा.

चिपवर स्वतः व्होल्टेज लावणार असाल तर सोर्सच्या पुढे १ मेगाओहमचा रेझिस्टर मालिकेत घाला. डीसी प्रवाह जवळपास शून्य असल्याने व्होल्टेज कमी होत नाही, आणि पुल-इनला प्लेटा एकमेकींना टेकल्या तर प्रवाह २० मायक्रोअ‍ॅम्पिअरच्या आत राहून त्या वितळून चिकटण्यापासून वाचतात.